सात सत्तावीसची बारी



ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नावे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असतील, ती गर्दीमुळे. गावाकडून कोणी पाहुणा आमच्याकडे डोंबिवलीस आला, की सकाळी त्याला स्टेशनावर नेऊन मी ती गर्दी दाखवतो. तो दोन पावले मागे सरतो आणि विचारतो, "मास्तर, तुम्ही रोज यातून जाता?" मी हो म्हणतो. मग त्याला आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. याच गर्दीत, चालत्या गाडीत, माणसे टाळ घेऊन भजन करतात. सणावारी नव्हे, कामाच्या दिवशी. कामावर जाताना आणि कुठे कुठे येतानाही.

त्या भजनाविषयी आज बोलायचे आहे. भक्तीचे निरूपण मी करणार नाही. त्याचे अधिकारी पुरुष वेगळे आहेत. माझा प्रश्न साधा, व्यवहारातला आहे. आपल्या मुलुखाचे गाणे ज्यांच्या तोंडी आहे, त्या माणसांशी गाव सुटल्यावर संबंध टिकवायचा कसा?

या मार्गावरची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणास पोहोचले. त्या वेळी या गाडीतून उद्या कोणती माणसे जाणार, हे कोणाला ठाऊक असणार! पुढे मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोकणातली तरणी माणसे बोटीने, पायवाटेने, मिळेल तशी मुंबईस आली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची एकेक खोली असे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पाळीपाळीने झोपायची. ट्रंका भिंतीला आणि टाळ खुंटीला. शनिवारी रात्री त्याच खोलीत भजन बसायचे.

आमच्या सिंधुदुर्गात भजन म्हणजे काय, हे घाटावरच्या श्रोत्यांसाठी थोडे सांगायला हवे. पेटी घेऊन बसतो तो बुवा. एका अंगाला पखवाज, दुसऱ्या अंगाला झांज, पाठीमागे कोरस. सुरुवातीला नामस्मरण, मग रूपाचा अभंग, पुढे आणखी अभंग, गौळण, गजर, आणि उजाडता उजाडता भैरवी. दोन बुवा समोरासमोर बसले की ती झाली डबलबारी. बारी म्हणजे पाळी. एकाने आपली बारी करावी, दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे. एकाने पुराणातले कोडे घातले तर दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवावे. काशिराम परब, चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम ही नावे आमच्याकडे निघाली, की कोणी कोणाला कसे उत्तर दिले यावर अजून वाद रंगतात. त्या वादाला पंच नसतो, म्हणून तो संपत नाही.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि खोलीवरच्या भजनात पखवाज वाजवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. माणसे पांगली. काही गावी परतली, काहींनी चाळीतली खोली विकून कल्याण-डोंबिवलीकडे, दिव्याकडे, बदलापूर-विरारकडे जागा घेतल्या. आम्ही डोंबिवलीस आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांना फोर्टातल्या एका कार्यालयात शिपायाची नोकरी मिळाली. खोली गेली, शनिवार गेला. पखवाज तेवढा बरोबर आला.

इथे एक सांगितले पाहिजे. आम्ही आलो तेव्हा डोंबिवली काही भजनावाचून ओस नव्हती. भोवतालची आगरी मंडळींची गावे वारकरी, घरोघर हरिपाठ म्हणणारी. ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव आज डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला आहे. क्रिकेट खेळायला जाणाऱ्या किती मुलांना ते नाव कोणाचे हे माहीत असेल, न कळे. आम्ही नव्याने आलेले लोक समजत होतो की भजन आम्हीच गाठोड्यात बांधून आणले. वडिलांच्या पखवाजाला पहिली दाद दिली ती शेजारच्या आगरी काकांनी, आणि तीही अशी, "हात बरा हाय तुमचा, पन लय घाई करता."

शनिवारची खोली गेली तेव्हा तिची जागा गाडीने घेतली. सकाळची सात सत्तावीसची जलद गाडी, पुढून ठरावीक डबा, ठरावीक दरवाजा. वेळापत्रक त्यानंतर कितीदा तरी बदलले, आणि आता ती गाडी वेगळ्याच मिनिटाला सुटते; पण मंडळाला आम्ही अजून 'सात सत्तावीस' असेच म्हणतो. मंडळात आमचे बुवा होते, ते एका छापखान्यात जुळारी होते. दोघे तिघे गिरणीतून सुटलेले, एक बँकेतले, एक गोदीतले, एक फळांचे व्यापारी. गाडीत पेटीला जागा नाही, तेव्हा सूर बुवांनीच द्यायचा. टाळ आणि झांजा खिशात किंवा पिशवीत मावतात. पखवाज मावत नाही. पण वडील तो न्यायचे, मांडीवर उभा धरून. दिवसा तो कार्यालयाच्या पहारेकऱ्याच्या खोलीत विसावा घेई.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक लावावी लागते. त्यावाचून तिला घुमारा येत नाही. आई पहाटे चपात्यांची कणीक मळताना लिंबाएवढा गोळा बाजूला काढी आणि तो एका छोट्या पितळी डब्यात घालून वडिलांच्या पिशवीत ठेवी. भाजीचा डबा एखादे दिवशी विसरला असेल, तो डबा कधी विसरला नाही. गाडीत कोणी नवखा प्रवासी तो डबा उघडताना पाही आणि आता काहीतरी खायला मिळणार अशा चेहऱ्याने बसे. वडील कणीक काढून पखवाजाला थापू लागले की त्याचे तोंड पाहण्यासारखे होई.

गाडीतल्या भजनाची काही कसबे अशी असतात, की ती दुसरीकडे कुठे शिकता येत नाहीत. त्या काळी जलद गाड्या पारसिकच्या डोंगरातून, १९१६ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून जात. बोगद्यात गाडी शिरली की आवाज चौफेर फिरून अंगावर येतो. आमचे बुवा अभंग अशा बेताने सुरू करीत, की गजराची लय बरोबर बोगद्याच्या तोंडाशी वाढावी. गाडी वाटेत सिग्नलला थांबली तर ते मधल्या ओळी पुन्हा घेत, घोळवीत. सुटली की पुढे. घड्याळ न पाहता. बाहेर उजेड दिसू लागला की टाळ एकदम बंद होत, आणि त्या शांततेत नुसता चाकांचा आवाज उरे. लहानपणी सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर गेलो, की मी त्या क्षणाची वाट पाहत असे. चाकांच्या ठेक्याला भुलून कोणाचा हात चुकला तर बुवा नुसते म्हणत, "रुळांच्या नादी लागू नकोस."

आता माझ्याबद्दल. मी शिकलो, एम्. ए. झालो, मुंबईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. पहिली काही वर्षे त्याच डब्यात बसलो. मग पहिल्या वर्गाचा पास काढला. कारण विचाराल तर सांगायचो, की वाचायला शांतता हवी. खरे कारण थोडे निराळे होते. माझ्याबरोबरची प्राध्यापक मंडळी त्याच गाडीने जात, आणि वडिलांच्या मांडीवरचा पखवाज त्यांनी पाहावा असे मला वाटत नव्हते. वर्गात मी नामदेव-तुकारामांवर तासच्या तास बोलत होतो, आणि चार डबे पलीकडे त्यांचेच अभंग चालू असताना कानात दुसरे काही घालून बसत होतो. ही गोष्ट सांगायला बरी वाटत नाही, पण झाली तशी सांगतो. असे दहा-अकरा वर्षे चालले. २०१६ साली वडील वारले. पखवाज भिंतीला टांगला गेला. त्याला कोणी हात लावी तो दिवाळीच्या साफसफाईला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत लोकलगाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. महायुद्धातदेखील न थांबलेला रोजचा प्रवास थांबला. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत प्रवासाची परवानगी मिळाली. एप्रिलमध्ये साथ पुन्हा उसळली आणि गाड्या पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसी घेतलेल्यांना पास मिळू लागले. या दीड वर्षात मंडळाचे काय झाले ते मला पुढे कळले. त्यांनी फोनवर भजन करून पाहिले होते. दर गुरुवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरी टाळ घेऊन फोनसमोर बसत. पण एकाचा टाळ दुसऱ्याच्या घरी अर्ध्या मात्रेने उशिरा पोहोचे, त्याचा तिसऱ्याकडे आणखी उशिरा. आठ मात्रांचा भजनी ठेका, त्यात अर्धी मात्रा म्हणजे पाय घसरलाच. शेवटी एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून ऐकावे, असे ठरले. ते काही महिने चालले, मग थांबले. "तोंडा दिसायची, पण भजन होयना," असे एकाने मला सांगितले. निरोप, चौकशा, औषधांची आणि खाटांची माहिती मात्र त्याच फोनवरून रात्रंदिवस जात होती, आणि त्याने दोघांचे प्राण वाचले हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा त्या यंत्राला नावे ठेवायची नाहीत. त्याने माणसांची खबर पोहोचवली. ठेका पोहोचवणे त्याला जमले नाही, एवढेच.

एप्रिल २०२१ मध्ये आमचे बुवा गेले.

त्या सप्टेंबरात एके दिवशी पहिल्या वर्गाच्या डब्यापर्यंत मला पोहोचता आले नाही आणि समोर आलेल्या दरवाजातून आत ढकलला गेलो. तो तोच डबा. सहाजण बसले होते. पूर्वी चौदा असत. टाळ होते, पण चालू नव्हते. त्यांच्यातल्या गोदीतल्या काकांनी, ते आता निवृत्त आहेत पण पास काढून ठाण्यापर्यंत जाऊन परत येतात, मला ओळखले. "खय होतस रे इतके दिस?" त्यांनी विचारले. मी काहीतरी उत्तर दिले. ते सरकून म्हणाले, "हय बस."

टाळ बंद का, ते मग कळले. बुवांची एक गौळण होती. शब्द सगळ्यांना पाठ होते, चाल मात्र बुवांची स्वतःची. त्यांच्या गुरूंकडून आलेली आणि त्यांनी फिरवलेली. ती चाल त्यांना पुन्हा बसवायची होती आणि बसत नव्हती. बुवांनी ती कधी लिहून ठेवली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरे जुळवलेला माणूस, पण स्वतःची चाल कागदावर उतरवावी असे त्याला वाटले नाही. एकाच्या फोनमध्ये जुने मुद्रण होते. त्यात टाळांचा कल्लोळ इतका, की बुवांचा आवाज खाली दबलेला. अंतऱ्याच्या शेवटी कोरसने उचलायची एक जागा होती, ती प्रत्येकजण वेगळी सांगत होता. एकाला शब्द कुठे तुटतो ते आठवत होते, एकाला बुवांचा हात कसा वर जाई ते. आणि मग काकांनी मला विचारले, "तुझ्या बापाशीचो हात खय थांबायचो, तुका आठवता?"

मला पखवाज वाजवता येत नाही. पण लहानपणी मी त्याच्या शेजारी बसलेलो होतो, आणि त्या जागी वडिलांचा हात दोन मात्रा थांबे हे मला ठाऊक होते, कारण थांबलेल्या हाताने ते माझ्या गुडघ्यावर टिचकी मारीत. मी तसे सांगितले. त्यांनी करून पाहिले. दोन मात्रा मोकळ्या सोडल्या आणि तिसरीवर कोरसने उचलले. गाडी घाटकोपरला उभी होती. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. पुरती बुवांसारखी झाली असे कोणीच म्हणाले नाही, मीही म्हणत नाही. पण उचलण्याची जागा सापडली होती.

श्रोतेहो, त्या दिवसापासून हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ती चाल कोणा एकाजवळ नव्हतीच. ती सहा-सात जणांत वाटलेली होती, आणि ते सगळे एका बाकावर येऊन बसले तेव्हाच पुरी होत होती. एकजण कमी झाला की चालीचा एक तुकडा जातो. मुद्रण करून ठेवावे, अवश्य ठेवावे. पण मुद्रणात कोरस केव्हा उचलतो हे ऐकू आले, तरी त्याला ती खूण कोण देतो हे ऐकू येत नाही. आणि हे मी आकाशवाणीवरून बोलतो आहे, जिथे मुद्रणांची कपाटेच्या कपाटे भरलेली असतात, याची मला मौज वाटते.

मुलुख सोडलेल्या माणसांची ही कथा काही आपलीच नाही. अमेरिकेत केंटकी नावाचे डोंगराळ, शेतीभातीचे राज्य आहे. तिथल्या आणि शेजारच्या डोंगरांतल्या लोकांनी गेल्या शतकात पोटासाठी उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांची वाट धरली, जशी आपल्या लोकांनी गिरण्यांची धरली. १९११ साली केंटकीत जन्मलेला बिल मनरो हा त्यांतलाच एक. लहानपणीच आईबाप गेले, पुढे इंडियाना राज्यात तेलशुद्धीच्या कारखान्यात त्याने मजुरी केली, आणि मेंडोलिन वाजवता वाजवता आपला संच उभारला. १९३९ साली नॅशव्हिल शहराच्या रेडिओवर शनिवारच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. संचाला नाव दिले ते आपल्या राज्यातल्या निळसर गवतावरून, आणि पुढे त्या तऱ्हेच्या गाण्यालाच 'ब्लूग्रास' म्हणू लागले. फिडल, गिटार, बेंजो. त्यातला बेंजो तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांनी त्या देशात नेलेला. गाव सुटलेली माणसे शहरातल्या खोलीत शनिवारी रात्री रेडिओ लावून बसत.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त ओहायो राज्यात असतो. त्याने कळवले, की तिथे आजही हे लोक आठवड्यातून एका संध्याकाळी कोणाच्या तरी दुकानात किंवा परसात वाद्ये घेऊन जमतात. गोल करून उभे राहतात. गाणे सगळे मिळून म्हणतात, आणि मधल्या जागेत ज्याची पाळी त्याने पुढे येऊन वाजवायचे, मग मागे सरून दुसऱ्याला जागा द्यायची. मी त्याला उत्तर पाठवले, "म्हणजे बारीच की!" नवशिक्या असला तरी त्याला हाकलत नाहीत, तो कडेला उभा राहून हळू वाजवतो. मनरो १९९६ साली वारला. रेडिओने ते गाणे देशभर नेले, हे खरे. पण ते घरात शिरले आणि राहिले, ते या आठवड्याच्या गोलामुळे, असे मला त्या पत्रावरून वाटले. वर्षातून एकदा मोठा मेळावा भरवणे सोपे असते. दर आठवड्याला त्याच जागी जाऊन बसणे अवघड.

आमच्याकडे वर्षाचा मेळावा म्हणजे गणपती. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली, त्याआधी आम्ही रात्रभर एस्. टी.ने जात असू. वाडीतले भजनी मंडळ घरोघर जाते. एका घरी आरती-भजन, उसळ, चहा, मग पुढचे घर. पूर्वी मुंबईकर पाहुणा म्हणून मागे बसून टाळ धरी. आता चित्र उलटे झाले आहे. गावातली तरुण मुले कामासाठी बाहेर, म्हणून गावात बुवा आहे पण कोरस नाही. आणि इकडे डोंबिवलीत कोरस आहे पण आमचे बुवा गेले. गणपतीत ही दोन अर्धी मंडळे मिळून एक होतात. गेल्या काही वर्षांत मी पाहतो, की चवथीच्या आदल्या रात्री देवळात बसून दोघांच्या चाली जुळवाव्या लागतात. तिकडची लय संथ आहे. आमची गाडीत राहून राहून जलद झाली आहे, आणि गावचे बुवा हसून म्हणतात, "तुमका खयची गाडी पकडूची आसा?"

रात्रभराच्या डबलबाऱ्याही आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावता येत नाही. सवलतीचे दिवस मोजके. याची कुरकुर मी ऐकतो, पण मला स्वतःला ती फारशी पटत नाही. कर्णा नव्हता तेव्हाही बाऱ्या होत होत्या, आणि आजाऱ्याला झोप लागत होती.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर गाडीतल्या भजनाची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. डब्यात सगळ्यांनाच भजन हवे असते असे नाही. कोणी रात्रपाळी करून आलेला असतो, कोणाची परीक्षा असते, कोणाचा देव वेगळा, कोणाला देवच नको. सगळ्यांनी सारखेच पैसे दिलेले. शिवाय भजनवाले जागा अडवतात ही तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. रुमाल टाकून बाक धरायचे प्रकार आमच्या मंडळातही झाले. ते चूकच. बुवांचा एक नियम होता, कोणी नुसता हात वर केला तरी टाळ खाली ठेवायचे. एकदा एक मुलगा पुस्तक घेऊन दारापाशी उभा होता, त्याने विनंती केली. बुवांनी टाळ थांबवले, त्याला बसायला आपली जागा दिली आणि भायखळ्यापर्यंत उभे राहिले. आम्हांला वाटले, आता मुलगा आभार वगैरे मानील. तो वाचण्यात इतका गुंतला होता की त्याने मान वर केली नाही. बुवा उतरताना म्हणाले, "पास होतलो."

माझे श्रोते शिक्षक आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. आपल्या गावात भजन, धनगरी ओव्या, जाखडी, आगरी लग्नातले धवळे, जे काही असेल ते जाणणारे एखादे म्हातारे माणूस शाळेच्या आसपास असतेच. स्नेहसंमेलनात मुलांना फेटे बांधून वर्षातून एकदा नाचवले, की आपण लोककला जपली असे आपल्याला वाटते. मलाही वाटत असे. त्याऐवजी शनिवारी शाळा सुटताना अर्धा तास त्या म्हाताऱ्याला शाळेच्या ओसरीवर बसवावे आणि ज्यांना बसायचे ती मुले बसू द्यावीत. तीनच बसली तरी चालेल. स्पर्धा ठेवू नये, बक्षीस तर मुळीच नको. एक वही करावी. गाणे लिहिले की पुढे एवढेच लिहावे, की चाल कोणाकडून आली, त्याला कोणी शिकवली, कोणत्या पट्टीत म्हणतात, ठेका कोणता, आणि कोरस कुठे उचलतो. शब्द पुष्कळ ठिकाणी छापलेले मिळतात. उचलण्याची जागा कुठल्याही पुस्तकात नसते. आमच्या बुवांच्या चाली अशा वहीत आम्ही आता लिहितो आहोत. एकतीस झाल्या, आणि निदान तितक्याच हातच्या गेल्या असा काकांचा अंदाज आहे.

मंडळात आता नऊजण आहेत. बायकांच्या डब्यातही याच गाडीला एक मंडळ आहे. आमच्यापेक्षा तिथे माणसे जास्त आणि भांडणे कमी, असे माझी पत्नी सांगते. नव्या तिघांपैकी एक लातूरकडचा आहे. तो वारकरी वळणाने म्हणतो, आणि गौळणीत कोकणी मुरड आली की हसतो. त्याच्या चालीला मंडळात जागा द्यावी की नाही यावर तीन आठवडे वाद झाला. मी द्यावी या बाजूचा होतो. काका विरुद्ध होते. अखेर मंगळवार त्याला दिला.

दुसरा, भोपर गावचा आगरी मुलगा, बावीस वर्षांचा. त्याचे आजोबा पखवाज वाजवीत. त्याने मला विचारले, तुमच्या घरी म्हणे एक पखवाज भिंतीला आहे? मी तो खाली काढला. वादी सुकून ताठ झाली होती. ठाण्याला नेऊन पुडी नव्या चढवून घेतल्या, शाई धरवून घेतली. मुलाचा हात चांगला आहे. घाई मात्र फार करतो. नव्या गर्दीत पखवाज रोज नेणे शक्य नाही, म्हणून सोमवार आणि शुक्रवार ठरवले आहेत.

या दोन दिवशी पहाटे आमच्या घरी पुन्हा लिंबाएवढा गोळा बाजूला निघतो. आईच्या त्या पितळी डब्याचे झाकण काही केल्या सापडले नाही, त्यामुळे कणीक सध्या चुन्याच्या एका जुन्या डबीत नेतो.